आंजेलबायला आम्ही वानलं

रोकूने आपल्या आईला फसवलं, आणि त्या कामासाठी आम्हा अठरा जणांच्या जिभा वापरल्या. त्यातली एक माझी होती.

आडून बोलायची मला सवय नाही. सुक्या मासळीचा धंदा मी सायकलवरून सुरू केला. आज माझे दोन टेम्पो आहेत आणि मालवणपासून सावंतवाडीपर्यंत बाजारातली माणसं मला भिकाशेट म्हणतात. आजवर मला कुणी फसवलंच नाही असं नाही, पण ज्याने फसवलं त्याच्या दारात जाऊन मी उभा राहिलो आहे. या खेपेला दारात उभा राहूनही काम झालं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

झालं ते असं. देवबागेच्या आंजेलबायला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून तिच्या मुलाने, रोकूने, समारंभ ठेवला. आलेल्या प्रत्येकाने तिची एक गोड आठवण सांगायची असं त्याने ठरवलं होतं. आम्ही सांगितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला गाडीत बसवून वसईला घेऊन गेला. आम्ही वाढदिवसाला म्हणून गेलो होतो आणि निरोप देऊन आलो, हे आम्हाला नंतर कळलं. तिला त्याने पंधरा दिवस म्हणून सांगितलं होतं. त्याला आता आठ महिने झाले.

त्या दिवशी मी माइकवर जे बोललो, ते सगळं मी आज मागे घेतो. आंजेलबाय गोड नव्हती, शांत नव्हती, आणि तिने कुणावर मायेचा हातबित फिरवला नाही. 'नव्हती' लिहिताना माझाच हात अडखळतो, कारण ती जिवंत आहे. पण वसईला जी बसली आहे ती मला ठाऊक असलेली आंजेलबाय नाही. मला ठाऊक असलेली कशी होती, ते सांगतो.

पहिल्यांदा मी तिला पाहिलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आमचं गाव मसुऱ्याच्याही आत, डोंगराकडचं. पावसाआधी आमच्याकडे प्रत्येक घरात चार महिन्यांची सुकी मासळी भरून ठेवतात. ती किनाऱ्यावरून आणून घरोघर विकावी, एवढी अक्कल मला आली होती, म्हणजे धंद्यातलं सगळं आलं असं मला वाटत होतं. सायकलला दोन बाजूंना दोन टोपल्या बांधून मी देवबागेत पोचलो. खाडीच्या अंगाला एका घरासमोर बांबूच्या चौकटी उभ्या होत्या. त्यांच्यावर जुनी जाळी ताणलेली आणि जाळ्यांवर चिरून मीठ लावलेले बांगडे वाळत घातलेले. पलीकडे उलट्या टोपलीवर एक बाई बसली होती. अंगात फुलाफुलांचा विटलेला झगा, त्यावर पुरुषी सदरा, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी. मिठाने बोटांना चिरा पडलेल्या. नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

गिऱ्हाईक खूश करावं तसं मी तिला खूश करायला गेलो.

"काय झकास बांगडे गो मावशे! असले मी खंय बगूक नाय."

तिने शेजारच्या पाटीवर गोणपाट ओढलं. "चल, वाटेक लाग."

"कित्या? मी घेवक इलंय."

"घेवक येणारो वानीत नाय. वानणारो बगता आणि जाता. तू बगलंस मां? आता जा."

माझं डोकं तेव्हाही लवकर तापायचं. "ठेव तुझ्याकडे," मी म्हणालो. "सगळे खराब आसत."

"खंय खराब आसत? दाखय."

मला दाखवता येईना. बांगडा हातात घेऊन मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो.

"खोड काढूक येणा नाय आणि धंदो करूक इलो," ती म्हणाली. "बस खाली, मेल्या."

त्या दुपारी तिने मला तिच्याच मालात खोडी काढायला लावल्या. शेपटी मोडून बघ, नुसती वाकली तर आत पाणी राहिलंय. पोटाच्या चिरेत बोट घाल, चिकट लागलं तर मीठ मुरलेलं नाही. तुकडा दाताखाली धर, रेव लागली तर मासा वाळूवर वाळवलाय. मी एकेक खोड काढत गेलो आणि ती प्रत्येक खोडीवर माझ्याशी भांडत गेली. संध्याकाळी दोन्ही टोपल्या भरून निघालो तेव्हा माझा घसा बसला होता, आणि मला मासळी कळायला लागली होती.

आमच्या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण आंजेलबायइतकी ती कुणी मनावर घेतली नव्हती. ज्याला माल हवा असतो तो नाक मुरडतो, शेपटी मोडतो, 'ह्यां काय ह्यां' म्हणतो. ज्याला नको असतो तो 'छान आसा' म्हणतो आणि पुढच्या पाटीकडे जातो. आंजेलबायने हे मासळीवरून उचललं आणि माणसांना लावलं. कुणी तिच्यात खोड काढली तर तिचा चेहरा खुलायचा. ती पदर खोचल्यासारखी सदऱ्याच्या बाह्या वर सारायची आणि भांडायला बसायची. कुणी वानलं, तोंडभरून कौतुक केलं, की मात्र ती गप्प व्हायची आणि त्या माणसाच्या पायांकडे बघायची, हा आता निघणार कुठल्या वाटेने, अशी.

एका वर्षी चर्चमध्ये नवे फादर आले. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या दिवशी त्यांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं. आंजेलबाय किती कष्टाळू, किती भाविक, चर्चच्या छपरासाठी तिने किती दिलं, असं बरंच. सगळं चर्च माना वळवून बघत होतं. आंजेलबाय बाकावरून उभी राहिली.

"फादर, माका कित्या वानतास? छप्पर अजून गळता. थंय, डाव्या बाजूक. सुनंदान फेस्ताक पावाचे उंडे भाजून दिल्यान हुते, ते भिजले."

फादर म्हणाले, "आंजेलबाय, प्रवचन चालू आहे."

"चलांदे. मी वायच वर बगतंय."

आणि ती मान वर करून त्या डाव्या बाजूकडे बघत उभीच राहिली. हळूहळू सगळे वर बघायला लागले. शेवटी फादरांनीही वर बघितलं. त्याच महिन्यात छप्पर झालं. फादर पुढे तिच्याकडे बांगडे घ्यायला स्वतः यायचे आणि तिच्यासमोर शेपटी मोडून बघायचे. तिला ते फार आवडायचे.

ही सुनंदा म्हणजे तिची शेजारीण. तिचा नवरा होडी घेऊन समुद्रात जायचा, आणि आंजेलबायचा माल बहुतेक त्याच होडीचा. सुनंदा गाबीत, दर्यावर जाणाऱ्या जातीची, आणि आंजेलबाय ख्रिस्तांव. दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा. त्या गडग्यावरून दोघी रोज सकाळी भांडायच्या. मी गेलो की आधी ते भांडण संपायची वाट बघावी लागायची.

"आंजेला, तुझो कोंबो माझा अळू खाता."

"तुझा अळू खाजता म्हणान तो दिसभर बोंबलता. माझो कोंबो आजारी पडलो तर तुका सोडूचंय नाय."

"आधी कोंब्याक शिकय!"

"आधी अळवाक शिकय!"

आणि तेवढ्यात एकीच्या हातातली कालवणाची वाटी गडग्यावरून दुसरीच्या हातात गेलेली असायची. ती वाटी कधी गेली हे मला एकदाही दिसलं नाही.

आमचं मोठं भांडण झालं ते माझ्या चुकीमुळे. तोवर मी आमच्या बाजारात दुकान थाटलं होतं आणि 'देवबागेचे आंजेलबायचे बांगडे' असं ओरडून विकत होतो. लोक तिचं नाव ऐकून यायचे. एका वर्षी तिचा माल कमी पडला. मी दुसरीकडचे, वाळूवर वाळवलेले बांगडे आणले आणि तिच्या बांगड्यांत मिसळले. हे मी केलं. लपवण्यात अर्थ नाही.

तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. पुढच्या बाजारच्या दिवशी ती पहिल्या एसटीने आली. दुकानासमोर स्वतःची टोपली उलटी टाकून तिच्यावर बसली. गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातातून बांगडा घ्यायची.

"ह्यो माझो. घे. ह्यो माझो न्हय. ह्येका आवस नाय, बापूस नाय. ह्यो खंयचो तां भिक्याक इचार."

बाजारभर माणसं जमली. मी संतापलो. लोकांसमोर पाटी लाथाडली, सगळे बांगडे रस्त्यावर पडले. तोंडाला येईल ते बोललो. ती शांतपणे उठली, रस्त्यावर बसून बांगडे वेचायला लागली, आणि वेचता वेचता दोन ढीग केले, एक तिचा, एक परका. एकही चुकला नाही. मग टोपली डोक्यावर घेऊन ती एसटीकडे निघून गेली.

मी ठरवलं, संपलं. पंधरा दिवस देवबागेकडे फिरकलो नाही. सोळाव्या दिवशी तिचा निरोप घेऊन सुनंदाचा नवरा आमच्या गावात आला. निरोप असा होता: 'भांडाण अर्धा टाकून खंय गेलो तो? येवन पुरा करूक सांग.'

मी गेलो. पुरं केलं. तासभर आम्ही दोघांनी एकमेकांचा उद्धार केला. सुनंदा गडग्यावर कोपर टेकून ऐकत होती आणि मधेच 'तां रवला, तां सांग' म्हणून दोघांनाही आठवण करून देत होती. शेवटी आंजेलबायने मला पेजेचं ताट वाढलं आणि म्हणाली, "तुझ्यात लबाडी आसा. पण भांडूक परत येतंस. म्हणजे तू टिकतलंस."

तिने माझ्याबद्दल काढलेले एवढेच बरे उद्गार. ते वानणं होतं की खोड, मी अजून ठरवलेलं नाही.

माझी आई गेली तेव्हाचं सांगतो. तीन दिवस घर माणसांनी भरलं होतं. येणारा प्रत्येक जण तेच सांगत होता: देवमाणूस गेली, लक्ष्मी गेली, कधी कुणाला वर तोंड करून बोलली नाही. मी आईला ओळखत होतो. ती वर तोंड करूनच बोलायची. लोक सांगत होते ती बाई मला ठाऊकच नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी मला रडू येईना. बहिणी माझ्याकडे बघून आपसांत कुजबुजायच्या.

तिसऱ्या दिवशी आंजेलबाय आली. दारात चपला काढल्या, ओटीवर बसली, पाणी प्यायली. सगळे ती काय बोलते याची वाट बघत होते.

"तुझ्या आवशीन माका एक खेपेक आमसुलां दिल्यान हुती," ती म्हणाली. "निम्मी बुरशेली. मी सांगून धाडलंय, तर म्हणता कशी, तुझ्या खाऱ्या वाऱ्यान बुरशेली. माझो वारो काडल्यान तिना! मी म्हटलंय, येवंदे, एक दिस तिच्या दारात जावन भांडतंय. रवला. आता कोणावांगडा भांडू?"

आणि मला आई दिसली. कमरेवर हात ठेवून, आमसुलांची बाजू घेऊन, खाऱ्या वाऱ्याला नावं ठेवणारी. मी ओटीवरच हुंदके देऊन रडलो. आंजेलबायने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ती म्हणाली, "नाक पुस. धोतराक लागता."

आठवण सांगायची ती अशी. हे मला त्या दिवशी कळलं होतं, आणि तरीही मी रोकूच्या मांडवात जाऊन जे बोललो ते बोललो.

रोकू तिचा एकुलता मुलगा. बाप गेला तेव्हा शाळेत होता. हुशार. वर्गात पहिला आला की प्रगतिपुस्तक घेऊन चौकटींच्या मधून धावत यायचा आणि आंजेलबाय बांगडा उलटावा तसं ते उलटून बघायची. "गणितात तीन गुण खंय गेले?" पुढे तो मुंबईला नोकरीला लागला, वसईला जागा घेतली, लीनाशी लग्न केलं. आईला दर रविवारी फोन. वाईट मुलगा नाही. हे मी लिहितो आहे ते त्याला वानायला नाही, खरं आहे म्हणून.

गेल्या वर्षी पावसाच्या शेवटी आंजेलबाय दारातल्या ओल्या दगडी चिऱ्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. सुनंदाला ते कसं कळलं, तर दहा वाजून गेले तरी कोंबड्यावरून कुणी भांडायला आलं नाही. ती गडगा ओलांडून गेली तेव्हा आंजेलबाय पायरीला टेकून बसली होती आणि म्हणाली, "इतको उशीर? तुझ्या भरवशार रवान मी मरतलंय."

रोकू धावत आला. घाबरला होता, आणि घाबरणं बरोबर होतं. सुनंदा नसती तर काय, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. तो आईला म्हणाला, वसईला चल. ती म्हणाली, दर्यातली मासळी वसईक येतली काय माझ्यावांगडा? दोन दिवस भांडण झालं. तिसऱ्या दिवशी तो एकदम गोड झाला. राहा म्हणाला. पंचाहत्तरी करूया म्हणाला. आमच्यातल्या कुणाला त्याचा वास आला नाही. मला यायला हवा होता. समोरचा भाव करता करता अचानक गोड झाला की मी पाटी झाकून घेतो. पण त्याच्या गोडीत मीही सापडलो.

तो माझ्याकडे स्वतः आला. "काका, आठवण सांगताना भांडण नको हं. काहीतरी छान बोला. आणि शेवटी, तिने आता आराम करावा, एवढं जरा सुचवा. इतरांचं ती ऐकत नाही. तुमचं ऐकते."

तुमचं ऐकते! जन्मात तिने माझं एक वाक्य ऐकलं नव्हतं. पण त्याने मला वानलं, आणि मी, भिकाशेट, इतक्या वर्षांचा व्यापारी, फुगलो.

समारंभाला गेलो तर अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या. बांबूच्या चौकटी काढून गडग्याला टेकवून ठेवलेल्या. त्या चौकटी आंजेलबायने हात प्लास्टरमध्ये असताना, डाव्या हाताने, नव्या हंगामासाठी बांधून घेतल्या होत्या. ती पुढच्या खुर्चीत नव्या साडीत बसली होती. साडीत मी तिला पहिल्यांदा पाहिलं. मागे कापडावर तिचा फोटो, गाल गुलाबी केलेले. ती सारखी मान वळवून चौकटींकडे बघत होती.

एकेक जण उठला. गोव्याचा भाचा म्हणाला, मावशी म्हणजे मायेचा सागर. शाळेच्या बाई म्हणाल्या, शांत स्वभाव. सुनंदासुद्धा उठली, तिच्या हातात कुणीतरी कागद दिला होता. "आंजेला माझी भैण," एवढं वाचून ती रडायला लागली आणि बसली. कोंबडा नाही, अळू नाही, काही नाही. मग मी उठलो. म्हणालो, आंजेलबायने मला धंदा शिकवला, तिच्यासारखी गोड बाई या किनाऱ्यावर नाही, आता तिने आराम करावा ही आमची सगळ्यांची इच्छा. टाळ्या पडल्या. मी खाली बघितलं तर आंजेलबाय माझ्या पायांकडे बघत होती.

शेवटी रोकूने माइक तिच्या हातात दिला.

तिने पुन्हा एकदा चौकटींकडे बघितलं. मग म्हणाली, "झाला सगळ्यांचा? इतकी माणसां इलात. एकाकव माझ्यात खोड गावली नाय?"

मांडव हसला. काय विनोदी बाई, असं कुणीतरी म्हणालं. जोरात टाळ्या झाल्या. रोकूने केक पुढे केला.

ती हसत नव्हती. ती विचारत होती. ज्याला माल हवा असतो तो खोड काढतो. अठरा माणसांत आपल्याला ठेवून घेणारं कुणी आहे की नाही, एवढंच तिने विचारलं होतं. एकाने उठून 'आंजेला, गेल्या मे महिन्यातले बांगडे खारट हुते' एवढं जरी म्हटलं असतं तर ती नवी साडी फेडून, झगा घालून, भांडायला बसली असती, आणि रोकूच्या गाडीत तिला कुणी घालू शकलं नसतं. कुणी म्हटलं नाही. सगळे वानून, केक खाऊन घरी गेले.

गेल्या महिन्यात मी वसईला गेलो. जाताना मी एक काम केलं. एवढ्या वर्षांत असं वाईट मी कधी खरेदी केलं नव्हतं. बाजार फिरून वाईटात वाईट बांगडे घेतले. वाळूवर वाळवलेले, पोटात चिकट, शेपटी रबरासारखी वाकणारी. म्हटलं, हे बघून ती मला जिन्यावरून खाली ढकलेल. ढकलावं, एवढीच इच्छा होती.

चौथा मजला. लीनाने दार उघडलं. चांगली मुलगी, चहा ठेवला. "आई एकदम शांत झाल्यात," ती म्हणाली. "काही त्रास नाही त्यांचा." आंजेलबाय गॅलरीत खुर्चीवर बसली होती. मनगट बरं झालेलं. बोटांच्या चिरा भरून आलेल्या, हात गुळगुळीत, कुणा दुसऱ्याच बाईचे वाटावेत असे.

"आंजेलबाय, बांगडे हाडलंय," मी म्हणालो आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

तिने एक बाहेर काढला. उलटा केला नाही. शेपटी मोडली नाही. नाकाजवळ नेला नाही.

"बरे आसत," ती म्हणाली. "लीना, ठेव गो."

"आंजेलबाय, नीट बग. रेव आसा त्यात."

"नाय रे. बरे आसत. त्रास कित्या घेतलंस?"

मी तिथून उठलो. चहा प्यायलो नाही. जिन्यात रोकू भेटला, कामावरून येत होता. "बघितलंत ना काका? किती बरी आहे आता."

मी सौदा टाकला. ऑक्टोबर ते मे देवबाग, पाऊसभर वसई. चौकटी कमरेएवढ्या उंच करून देतो, वाकायला नको. दारातले चिरे उखडून कोबा करून देतो. सुनंदा रात्री आंजेलबायच्या सोबतीला झोपायला येते, मी तिला विचारून आलो आहे. एवढं मी भाव न करता दिलं. असं मी कधी करत नाही.

रोकूने खिशातून मोबाइल काढला आणि मला माझाच व्हिडिओ दाखवला. 'आता तिने आराम करावा ही आमची सगळ्यांची इच्छा.' माझा आवाज, माझे हातवारे, टाळ्या.

"तुम्हीच म्हणालात, काका." मग मोबाइल खिशात ठेवत हळू आवाजात म्हणाला, "लहानपणी एकदाही शाबास म्हणाली नाही ती मला. वाटलं, तिला तरी एकदा पोटभर ऐकायला मिळावं."

हे ऐकून माझा राग निवला. जिना उतरेपर्यंत. खाली उतरलो आणि पुन्हा तापलो, तो अजून तापलेलाच आहे.

रोकू, तुझं दुखणं मला कळलं. शाबासकी तुला मिळाली नाही, आणि हवी होती. पण तुझ्या आईने तुझ्या पुस्तकातले तीन गुण शोधले, म्हणजे बाकीचे सगळे तिने एकेक करून वाचले होते. तू मात्र तिला न वाचता आमच्याकडून वानून घेतलंस आणि गुंडाळून घेऊन गेलास.

माझा शब्द मी परत घेतला आहे, तो व्हिडिओ पुसून टाक. सुनंदानेही तिचा परत घेतला आहे. तिने मला लिहायला सांगितलं आहे की आंजेला चोरटी आहे, तिच्या दोन वाट्या अजून आंजेलाकडे आहेत, आणि त्या घ्यायला ती स्वतः वसईला येणार आहे. बाकीचे सोळा जण आपापलं बघतील. फादर, तुम्हीही त्या दिवशी होतात.

येत्या रविवारी दुपारी मी आणि सुनंदा तुझ्या दारात येतो. टेम्पो खाली उभा असेल. त्या दिवशी मांडवात तुझ्या आईने एक प्रश्न विचारला आणि आपण सगळे हसलो. आम्ही त्याचं उत्तर द्यायला येतोय, मोठ्याने, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. त्यानंतर तुझी पाळी. तिला सोडत नाहीस, तर 'नाही' म्हण. पण मला नको सांगूस, लीनाला नको, फोनवर नको. तिच्या समोर उभा राहा, तिच्या डोळ्यांत बघ, आणि तिला सांग.